झेनॉनचा दिवा आणि समोरचा माणूस



आमच्या भागात रस्त्यात अनोळखी माणूस भेटला की त्याला 'पाव्हणं' म्हणून हाक मारतात. तो कुणाच्या घरी उतरला आहे की नुसताच वाटेने चालला आहे, ही चौकशी मागाहून. परका आणि पाहुणा हे दोन्ही एकाच शब्दात सांगण्याची रीत आपलीच असावी असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. पण जुन्या ग्रीक भाषेतही असाच एक शब्द आहे, 'झेनोस'. त्याचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅमझे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोन रसायनशास्त्रज्ञांना, हवा थंड करून तिचा द्रव केल्यावर जे शेवटी उरते त्यात एक नवा वायू सापडला. हवेच्या सुमारे एक कोटी पंधरा लाख भागांत त्याचा एक भाग असतो. असा हा कधीकाळी दारात दिसणारा पाहुणा. त्याचे नाव त्यांनी झेनॉन ठेवले. मोटारीच्या ज्या दिव्यांविषयी आज बोलायचे आहे, ते याच पाहुण्याच्या नावाने ओळखले जातात.

माझा विषय भूगोल. मोटारीच्या दिव्यांवर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कुणी विचारले तर माझ्याजवळ एकच उत्तर आहे. मी या बाबतीत एक चूक केली, ती निस्तरताना थोडे शिकलो, आणि ते सांगण्यासारखे आहे.

आधी हा दिवा पेटतो कसा ते पाहू. आपल्या नेहमीच्या मोटारीच्या हॅलोजन दिव्यात एक बारीक तार असते. वीज गेली की ती तापून पांढरी होते आणि उजेड देते. झेनॉनच्या दिव्यात तारच नाही. हरभऱ्याएवढी एक काचेची कुपी असते, पण साध्या काचेची नव्हे, उष्णता सोसणाऱ्या क्वार्ट्‌झची. तिच्या दोन्ही बाजूंनी धातूची दोन टोके आत आलेली असतात आणि त्यांच्यामध्ये चारएक मिलिमीटरची फट. कुपीत झेनॉन वायू दाबून भरलेला असतो, आणि काही धातूंचे क्षार. पुष्कळ प्रकारांत थोडा पारासुद्धा. वेल्डिंगच्या दुकानावरून जाताना आपण मान फिरवतो, ती जी कमान तिथे पेटलेली असते, तशीच एक इवलीशी कमान या फटीत पेटवायची असते. ती सहज पेटत नाही. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची, आणि इथे ठिणगी पडायला वीस हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो. तो तयार करणारी एक डबी दिव्याजवळ बसवलेली असते, तिला बॅलास्ट म्हणतात. एकदा कमान पेटली की मग प्रकारानुसार पंचाऐंशी किंवा बेचाळीस व्होल्टवर ती शांतपणे जळत राहते. झेनॉन वायूचे काम मुख्यतः पहिल्या क्षणाचे. तो लगेच उजळतो, तेवढ्यात कुपी तापते, क्षारांची वाफ होते, आणि काही सेकंदांत खरा उजेड पडू लागतो.

हा उजेड थोडाथोडका नाही. पंचावन्न वॉटचा चांगला हॅलोजन दिवा साधारण १,५०० ल्युमेन प्रकाश देतो. झेनॉनचा दिवा पस्तीसच वॉट घेतो आणि ३,२०० ल्युमेन देतो. वीज कमी, उजेड दुप्पट, आणि आयुष्यही हॅलोजनच्या कितीतरी पट. १९९१ साली जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेच्या मोटारीत हा दिवा प्रथम कारखान्यातून बसून आला, तेव्हा रात्री मोटार चालवणाऱ्यांना तो वरदान वाटला असल्यास नवल नाही. आपल्याकडे तो महागड्या गाड्यांबरोबर आला. आता नव्या गाड्यांत त्याची जागा एलईडीने घेतली आहे. पण जुन्या बाजारात फिरणाऱ्या गाड्यांत झेनॉन आहेच, आणि त्याहून अधिक तो आहे दुकानांतून मिळणाऱ्या सुट्या सामानात. दोन बल्ब, दोन डब्या, चार वायरी. ज्याला सगळे 'एचआयडी किट' म्हणतात ते. माझी चूक इथूनच सुरू होते.

माझी मोटार जुनी, तिसऱ्या मालकाची. दिवे मंद. तालुक्याच्या गावी एका मिस्त्रींनी सांगितले, "सर, आठ हजारवालं किट टाकू. दिवस केल्यावानी दिसंल." आठ हजार ही किंमत नव्हे हं, किंमत बरीच कमी होती. आठ हजार हा रंगाचा आकडा. मी मान डोलावली. त्या रात्री घरी येताना खरोखरच दिवस झाला. रस्त्याकडेच्या बाभळीचे काटे मोजावेत असा उजेड. मी खूष होतो, खोटे का बोला.

पुढच्याच जानेवारीतली गोष्ट. गळिताचा हंगाम होता. मी पुण्याहून एस.टी.ने आलो आणि रात्री नऊच्या सुमारास आमच्या फाट्यावर उतरलो. भाचा मोटार घेऊन न्यायला येणार होता. फाट्याशी एक उसाची बैलगाडी उभी होती. गाडीवान बीडकडचा, वयस्क. बैलांना दम खायला त्याने गाडी कडेला घेतली होती. गाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावलेली, पुढच्या बाजूला मात्र काही नाही. आम्ही दोघे बोलत उभे होतो तोच चढावरून एक वाहन वर आले, आणि मला दिसायचेच बंद झाले. खरे सांगतो, रस्ता, गाडी, माझे स्वतःचे पाय, काही दिसेना. मी हात डोळ्यांवर धरला. मला वाटले मोठा ट्रक असावा. बैल बिथरले, बाजूला सरले, गाडीचे चाक चरात गेले आणि डावीकडचा बैल गुडघ्यांवर बसला. वाहन आमच्याजवळ येऊन थांबले. काच खाली झाली. "मामा, बसा," भाचा म्हणाला.

गाडीवान बैलाची वेसण धरून उभा होता. त्याने मोटारीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाला, "कुणाची वो गाडी, पाव्हणं?"

"माझीच," मी म्हणालो.

त्याने शिवी दिली नाही. "लाइट लई हाय वो," एवढेच म्हणाला. चाक चरातून काढायला आम्हा तिघांना आणि मागून आलेल्या दोघा गाडीवानांना अर्धा तास लागला. बैल उभा राहिला, पण दोन्ही गुडघे सोलले होते, आणि त्याला अजून कारखान्यापर्यंत ओझे ओढायचे होते.

घरी जाताना मी भाच्यावर चिडलो. अप्पर मारून कशाला आलास म्हणून. तो म्हणाला, "मामा, मी डिपरवरच होतो." आणि ते खरे होते. स्विच डिपरवरच होता. मग प्रश्न पडला, डिपरवर असलेला दिवा माणसाला आंधळे कसा करतो? या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही, आणि उत्तर मिळाले ते भूमितीत.

हॅलोजन दिव्यामागे जी चकाकती वाटी असते, तिला रिफ्लेक्टर म्हणतात. ती वाटी त्या विशिष्ट तारेसाठी घडवलेली असते. तार इथे, इतक्या लांबीची, सरळ. मग तिच्यापासून निघालेला प्रत्येक किरण वाटीच्या कोणत्या भागावर आपटून रस्त्यावर कुठे पडेल याचा हिशेब झालेला असतो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या दोन तारांच्या बल्बमध्ये तर डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली ढाल असते. खालच्या बाजूला जाऊन वर उसळणारा उजेड ती अडवते. आता या वाटीत तार काढून विजेची कमान ठेवली तर काय होईल? कमान तारेसारखी सरळ नसते, थोडी वाकडी असते. तिचा उजेड सगळीकडे सारखा नसतो, दोन टोकांजवळ सर्वांत प्रखर असतो. आणि जागाही जरा चुकलेली. वाटीचा सगळा हिशेब कोलमडतो. विहिरीच्या पाटाचे पाणी जसे बांध फुटला की वाफा सोडून वाट फुटेल तिकडे जाते, तसा तो दुप्पट उजेड वर, आजूबाजूला, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डिपरचा स्विच दाबल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

आणि गंमत अशी की आत बसलेल्याला हे कळत नाही. उलट जवळचा रस्ता लख्ख दिसल्यामुळे तो खूष असतो. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली लहान होते, आणि लांबचा अंधारा भाग अधिकच अंधारा वाटतो. म्हणजे ज्यासाठी दिवा लावला तेच हुकते. समोरच्याचे तर विचारूच नका. झोत डोळ्यांवरून गेल्यावरही नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात. ताशी साठ किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सतरा मीटर जाते. तीन सेकंद धरले तरी पन्नास मीटर तो माणूस डोळे मिटून चालवल्यासारखा जातो. मोतीबिंदू धरलेल्या म्हाताऱ्यांना तर अधिकच. त्यांच्या डोळ्यांत उजेड आतल्या आत विखुरतो.

त्या आठ हजाराच्या आकड्याचेही सांगून टाकतो, कारण त्यात अनेक जण फसतात. तो आकडा उजेड किती हे सांगत नाही, उजेडाचा रंग सांगतो. हॅलोजनचा पिवळसर उजेड सुमारे ३,२०० चा. मोटारीचे कारखाने जो झेनॉन बसवतात तो ४,२०० ते ४,३०० च्या आसपास, पांढरा. सहा हजार, आठ हजार म्हणजे निळसर. आकडा जसा वाढतो तसा कामाचा उजेड कमीच होत जातो आणि समोरच्याला त्रास वाढतो. बाजारात मात्र मोठा आकडा म्हणजे मोठा माल.

आता कायदा काय म्हणतो ते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांतला १०५ वा नियम सांगतो की रात्री वाहनाच्या दिव्यांनी पुढचे १५५ मीटरवरचे माणूस आणि वाहन स्पष्ट दिसले पाहिजे. हे चालकाच्या बाजूचे. लगेच पुढचा १०६ वा नियम येतो, आणि तो वाचला तेव्हा मी क्षणभर पुस्तक खाली ठेवले. कायद्याने तिथे रस्त्यावर एक माणूस उभा केला आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, आणि त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर. झोत इतका खाली वळलेला असला पाहिजे, किंवा चालकाला तो इतका खाली वळवता आला पाहिजे, की त्या जागी असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. उजवीकडे का, तर आपण डावीकडून चालतो, समोरचा आपल्या उजव्या हाताने येतो. दिवा कोणत्या वायूचा, कोणत्या कंपनीचा हे इथे विचारलेले नाही. त्या दीड मीटरवरच्या डोळ्यांना काय होते एवढेच विचारले आहे. मी फाट्यावर जवळजवळ त्याच जागी उभा होतो.

शिक्षेचेही सांगायला हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. कायद्यात न बसणारा फेरबदल वाहनात करणाऱ्या मालकाला, आणि यात बाहेरून सुटे भाग बसवणेही आले, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. किट कुणीही विकलेले असो, या फेरबदलाची जबाबदारी मालकाची.

मग कारखान्यातून झेनॉन बसून आलेल्या गाड्यांचे काय? तिथे दिवा झेनॉनसाठीच घडवलेला असतो. बहुधा पुढे एक भिंग आणि आत एक पडदा असतो, आणि उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ पडते. युरोपात तेवढ्यावरही भागत नाही. दिवा २,००० ल्युमेनहून अधिक उजेड देणारा असेल तर तिथल्या नियमांप्रमाणे दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. एक, गाडी मागून दबली तरी झोत आपोआप खाली यावा अशी यंत्रणा. दुसरी, दिव्याची काच धुणारी पिचकारी, कारण काचेवर चिखल असला की उजेड त्यातून फुटून वर उडतो. पहिल्या गोष्टीचे महत्त्व आपल्याकडे लगेच पटेल. डिकीत कांद्याची चार पोती टाकली की गाडीचे नाक वर होते. ते नुसते एक अंशाने उचलले तरी, दिवा सत्तर सेंटिमीटर उंचीवर असेल तर, शंभर मीटरवर झोताची कड जवळजवळ दीड मीटरवर पोचते. म्हणजे नेमकी डोळ्यांत. साध्या हॅलोजनच्या पुष्कळ गाड्यांत याचसाठी चालकाजवळ शून्य, एक, दोन, तीन असे आकडे असलेले एक चाक असते. ते कशाला आहे हे माझ्या ओळखीच्या निम्म्या मोटारवाल्यांना ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

कारखान्याचा झेनॉन असला तरी तो बिघडतो, आणि बिघाड ओळखता आला तर पैसे वाचतात. दिव्याचा उजेड गुलाबी किंवा जांभळट दिसू लागला तर बल्ब म्हातारा झाला असे समजावे. अशा वेळी दोन्ही बल्ब एकदम बदलावेत, नाहीतर एक डोळा पांढरा आणि एक गुलाबी अशी गाडी फिरते. दिवा लुकलुकतो, पेटून विझतो, तेव्हा पुष्कळ गॅरेजांत लगेच नवी महागडी बॅलास्ट सुचवली जाते. आधी दोन्ही बाजूंचे बल्ब आपापसांत बदलून पाहायला सांगा. खोड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर दोष बल्बचा. जागची हलली नाही तर मग बॅलास्ट, किंवा त्याहून सोपे, सैल झालेली अर्थिंगची वायर. पावसाळ्यानंतर बॅलास्ट जाण्याचे कारण बहुधा पाणी असते. दिव्याच्या मागचे रबरी झाकण नीट बसवलेले नसते. झोत एकाएकी अगदी पायाशी पडू लागला किंवा आभाळाकडे गेला तर मागच्या किंवा पुढच्या चाकाजवळ उंची मोजणारी एक छोटी दांडी असते, ती तुटली किंवा गंजली आहे का पाहावे. आणि पुढची काच उन्हाने पिवळी, धुरकट झाली असेल तर आत कितीही चांगला बल्ब घाला, उपयोग नाही. हे सगळे तुम्ही मिस्त्रीकडून करून घ्या. दिवा पेटता असताना त्याच्या मागे हात घालू नका. वीस हजार व्होल्ट ही थट्टा नाही. जुना बल्ब फोडूही नका, आत पारा असू शकतो. हलक्या किटचे आणखी एक दुखणे: त्यांच्या डब्या आजूबाजूला विजेच्या लहरी सोडतात, आणि दिवे लावले की गाडीतल्या रेडिओत खरखर सुरू होते. तुमच्या गाडीत आकाशवाणी रात्रीच बिघडत असेल तर आमच्याकडे तक्रार पाठवण्याआधी दिवे बंद करून बघा.

माझे किट मी काढून टाकले. मिस्त्री हिरमुसले. जुनेच हॅलोजन बल्ब घातले, काच घासून घेतली, रिफ्लेक्टर नवा बसवला, अर्थिंगची वायर बदलली, आणि आश्चर्य म्हणजे उजेड पुरेसा झाला. दिवे मंद होते ते बल्बमुळे नव्हतेच. सगळी रक्कम किटच्या खर्चाहून थोडी जास्तच झाली.

शिक्षक बंधुभगिनींना एक काम सुचवतो. शाळेची भिंत आणि पुढे सपाट मैदान असेल तर संध्याकाळी मुलांना घेऊन हा प्रयोग करा. मोटार भिंतीपासून दहा मीटरवर, भिंतीकडे तोंड करून उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, समजा सत्तर सेंटिमीटर. भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूने एक आडवी रेघ मारा. तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावला की उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेजवळ असली पाहिजे. डाव्या टोकाला ती थोडी वर चढलेली दिसेल, ते ठीक, तिकडे आपल्या कडेचा पादचारी असतो. दहा मीटरला दहा सेंटिमीटर म्हणजे शंभराला एक. सत्तर सेंटिमीटरवरून निघालेला झोत मग जमिनीला किती मीटरवर टेकेल, हे सहावीतल्या मुलाने तोंडी सांगावे. नंतर मोटार आठ मीटरवर आणा आणि दीड मीटर उंचीवर तिसरी रेघ मारा. झोताच्या कडेहून ती जवळजवळ नव्वद सेंटिमीटर वर येते. तिथे उजेडाचे पट्टे किंवा डाग दिसले तर त्या गाडीचा दिवा चुकीच्या माणसाला दिसतो आहे. किट बसवलेल्या एलईडी बल्बच्या गाड्यांनाही हीच भिंत चालते.

आमच्या गावच्या शाळेत हे केले तेव्हा अकरा गाड्या आल्या होत्या. एका मुलाने तिसऱ्या रेघेवर कोळशाने दोन डोळे काढले. हेडमास्तरांनी ते पुसू दिले नाहीत.